तिसरीत हातच्याची वजाबाकी अडते, काय करावं?

प्रश्न: पाटण तालुक्यातली जिल्हा परिषदेची दोनशिक्षकी शाळा. तिसरीतली बरीच मुलं ५२ – २७ = ३५ लिहितात. घरी काय करून घ्यावं?

उत्तर १: दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलं सातातून दोन काढतात. काड्यांच्या दहादहाच्या जुड्या बांधा: ५ जुड्या, २ सुट्या. एक जुडी मुलाच्याच हातानं सोडवा. ४ जुड्या, १२ सुट्या. मगच पाटीवर मांडा. इथं घाई नडते.

उत्तर २: ४० – १७ पण द्या. एककात शून्य दिसलं की हमखास ३७ येतं.

उत्तर ३: एक शिक्षक बैठकीला गेले की सगळे वर्ग एकावर पडतात. शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के पालक असतात. ही अडचण समितीला लेखी द्या, बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.