मदत हवी आहे: यवतेश्वर घाटात फोर्ड टुरिंग बंद पडते

माहुलीकर
साताऱ्याहून कासला निघालं की निम्म्या घाटात गाडी बंद. सपाटीला ठणठणीत. कार्बोरेटर साफ केलाय, प्लग नवे आहेत. रविवारी गाडी वर न्यायचीच आहे, लवकर सांगा.

घाटवाट
मॉडेल टी की मॉडेल ए? साल कुठलं? पाणी उकळतं का? बंद पडल्यावर लगेच चालू होते की थांबावं लागतं?

वाईकर
इतकं कशाला विचारताय? रिव्हर्समध्ये चढवा. चढाला टाकी खाली जाते, पेट्रोल पोचत नाही.

घाटवाट
ते मॉडेल टीला, तिची टाकी सीटखाली. ए ची टाकी काचेच्या पुढे, घाटातही कार्बोरेटरच्या वरच राहते.

माहुलीकर
ए, 1929, फेटन (टुरिंगसारखीच उघडी बॉडी). पाणी उकळत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी आपोआप चालू होते.

घाटवाट
हे आधी सांगायचं ना! मग कंडेन्सर (डिस्ट्रिब्युटरमधला, ठिणगी जोरदार ठेवणारा छोटा भाग) नाहीतर पेट्रोल. बंद पडल्या पडल्या, गार व्हायच्या आत बघा. आधी ठिणगी: कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) जाड वायर इंजिनाच्या हेडपासून 6 मिमीवर धरून इंजिन फिरवा. निळी, कडक हवी. पिवळी, मरतुकडी असेल तर कंडेन्सर. तापला की दगा देतो, गार झाला की शहाणा. ठिणगी चांगली असेल तर टाकीचं झाकण सैल करा. गाडी लगेच चालू झाली तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. नाही झाली तर कार्बोरेटरची नळी सोडून धार बघा. अडखळत आली तर फायरवॉलवरची (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावरची) गाळाची वाटी साफ करा. ठिणगी आणि उघडं पेट्रोल एकाच वेळी नको.

कृष्णाकाठ, सांगली
6 व्होल्टची बॅटरी काढून 12 ची करा, कटकट मिटेल.

घाटवाट
कशी मिटेल? कॉइल न बदलता 12 दिले तर ती जळेल, पॉइंटही (डिस्ट्रिब्युटरमधले, उघडझाप करून ठिणगी पाडणारे) जातील. 6 व्होल्टला जाड केबल आणि स्वच्छ अर्थ पुरे. ए ला पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं + टोक बॉडीला; बॅटरी उलटी जोडू नका.

जुनीपासिंग
नोंदणी केलीत का? 50 वर्षांवरच्या गाड्यांना 2021 पासून 'व्हीए'चा (व्हिंटेज) नंबर मिळतो. नवी नोंदणी 20,000 रुपये, 10 वर्षांसाठी.

वाईकर
इथं गाडी बंद पडतेय आणि तुम्ही नंबरप्लेट लावताय.

माहुलीकर
ठिणगी पिवळी. झाकण सैल करून फरक नाही. कंडेन्सर मागवतो.

घाटवाट
बसवल्यावर पॉइंटची फट 18 ते 22 थाऊ (इंचाचा हजारावा भाग) ठेवा, मगच टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ. स्टिअरिंगखालचा डावा दांडा (ठिणगीची वेळ मागेपुढे करणारा) पूर्ण वर, इंजिनाच्या पुढच्या टायमिंग कव्हरवरची पिन उलटी घालून खाच सापडेपर्यंत इंजिन हाताने फिरवा; तिथे एक नंबरचे पॉइंट नुकते उघडायला हवेत. पिन परत काढायला विसरू नका. घाटात दांडा वरच ठेवून चालवलीत तर इंजिन विनाकारण तापेल.