खाण्याच्या आजारात सोबत करणाऱ्यांचं मन: काय चालतं, काय फसतं

ॲनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडणं), बुलिमिया (भराभर खूप खाऊन मग उलटी वगैरे करून ते बाहेर काढणं) असलेल्या माणसाची काळजी घेणाऱ्यांसाठी हा धागा. 'धीर धरा' सोडून काहीही लिहा.

—

पाळ्या लावा. तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी म्हणजे दिवसातून पाच-सहा वेळा ताटासमोर बसणं आलं; एकटं माणूस त्यात पिचतं. पाळी सोपवताना तीनच गोष्टी सांगायच्या: काय वाढलं, किती खाल्लं, नंतरचा तास कसा गेला. 'आज परत तमाशा' हे चौथं वाक्य गिळा, नाहीतर पुढचा माणूस आधीच तापून बसतो.

—

'बरं, निदान दोन घास तरी' म्हटलं की घासाघीस सुरू. मग पुढच्या प्रत्येक ताटाला तीच, आणि दमता तुम्ही. प्रमाण आहारतज्ज्ञाकडून आधीच ठरवून घ्या. टेबलावर फक्त एवढंच: 'अवघड आहे, माहितीये. मी इथेच आहे. पुढचा घास घे.' वजन, कॅलरी, 'किती छान दिसतेस', सगळं बंद. हो, कौतुकसुद्धा.

—

आरडाओरडा, खोटं बोलणं मनाला लावून घेणाऱ्यांसाठी: १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात ३६ निरोगी पुरुषांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. चिडचिड, उदासी, एकलकोंडेपणा, डोक्यात सतत अन्न, हे सगळं त्यांच्यातही दिसलं. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही काहींची मनःस्थिती लगेच सुधारली नाही. म्हणून वजन वाढतंय आणि तरी शिव्याच मिळतायत, तर उपचार फसले असं लगेच धरू नका. तुमचे संस्कार तर त्याहून नाही.

—

'मी जाड दिसते का?' याला 'नाही गं' म्हटलं तर दहा मिनिटांत पुन्हा तोच प्रश्न. 'भीती वाटतेय ना?' एवढंच म्हणा आणि विषय बदला.

—

रात्री 'नेऊ की नको' या घोळातच निम्मा जीव जातो. डॉक्टरांकडून यादी लिहून घ्या आणि दाराला चिकटवा: बेशुद्ध पडणं, छातीत धडधड, रक्ताची उलटी, जीव देण्याची भाषा. यातलं एक जरी दिसलं तरी थेट रुग्णालय. सतत उलट्यांनी पोटॅशियम घसरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. वजन अगदी नॉर्मल असलं तरी.

—

स्वतःची झोप दोन आठवडे उडाली, कशातच मन लागेना, तर स्वतःसाठी वेगळी अपॉइंटमेंट घ्या. पेशंटच्या वेळेतली शेवटची पाच मिनिटं त्याला पुरत नाहीत.