जिने सोसलं तीच असं कसं बोलते?

डोंबिवलीची_लेक: माझ्या आईने तीस वर्षं नोकरी केली, पहाटे डबे करून लोकल पकडायची, येताना लेडीज डब्यात बसून भाजी निवडायची. मी झाले तेव्हा आजी बघायलासुद्धा आली नाही, हे सांगताना आईच्या डोळ्यात अजून पाणी येतं. आणि परवा वहिनीला दुसरी मुलगी झाली तर आईच म्हणाली, "असू दे, पुढच्या वेळी होईल." मी खूप भांडले पण मी का चिडले हेच तिला कळेना. असं का होतं?

सेंट्रल_लाईन: ताई, ह्यात नुसता विचार नाही, हिशोब पण आहे. म्हातारपणी आई कोणाकडे राहणार? लेकीकडे राहिली तर चार लोक म्हणणार जावयाच्या दारात पडलीये. महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू वारसा कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे, तरी आमच्या दोन्ही आत्यांनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्या, का तर माहेर तुटायला नको. वाटा मागणारी बहीण वाईट ठरते. मग मुलगाच आधार वाटणार ना.

दोन_पोरींची_आई: शिक्षण आलं पैसा आला की हे जातं असं म्हणतात, मला नाही पटत. शून्य ते सहा वयात हजार मुलांमागे मुली, आपल्या राज्यात २००१ ला ९१३ आणि २०११ ला ८९४!! गर्भलिंग निदानावर कायदा करणारं पहिलं राज्य आपलंच, १९८८ मध्ये. सोनोग्राफीला पैसे लागतात हो, म्हणजे ज्यांच्याकडे होते त्यांनीही केलंच की.

गिरणगाव७८: मी पुरुष म्हणून सांगतो, लग्न होईपर्यंत स्वतःचं ताट उचललं नव्हतं, बहीण उचलायची आणि मला त्यात काही वावगं दिसलंच नाही. २०१९ च्या सरकारी पाहणीत दिसलं की स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती आणि अशा पुरुषांची ९७. आयतं मिळत असताना प्रश्न कोण विचारणार? मला बायकोने विचारला, तेव्हा आधी रागच आला होता.

डोंबिवलीची_लेक: सगळ्यांचे आभार. सेंट्रल_लाईन, तुमचं वाचून आईला फोन केला, म्हटलं पुढे तू माझ्याकडे राहशील का. बराच वेळ काही बोललीच नाही. मग हळूच म्हणाली, "तुझ्या सासूबाईंना चालेल?"