फोटोवरून काढलं की नक्कल होते का? (हुंग लियूच्या चित्रांवरून)

शाईदौत:
काल ‘माळरान’ यांनी लिहिलं की चिनी-अमेरिकन चित्रकार हुंग लियू ही ‘दुसऱ्याने टिपलेल्या दुःखावर रंग ओघळवून नाव कमावलेली बाई’. अमेरिकन फोटोग्राफर डोरोथिया लँगने १९३०च्या मंदीत गरिबांचे काढलेले फोटो आहेत ना, मग त्यांवरून पुन्हा चित्रं कशाला, असाही सवाल केला. ते डोक्यातून जाईना म्हणून लिहायला बसलो.

ही बाई दुःखाकडे लांबून बघणारी नव्हती. जन्म १९४८चा, चीनमधल्या चांगचुनचा. ती तान्ही असतानाच वडिलांना कैद झाली, ते तिला परत दिसले १९९४ साली. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या धास्तीने घरातले फोटो जाळून टाकले. १९६८मध्ये तिला खेड्यात धाडलं, चार वर्षं शेतात राबली. एका मित्राने सांभाळायला दिलेला कॅमेरा जवळ होता, त्यातून शेतकऱ्यांचे फोटो काढले. जिच्या घरचे फोटो जाळावे लागले, ती पुढे आयुष्यभर अनोळखी माणसांचे जुने फोटो हुडकत राहिली: मजूर, निर्वासित, वेश्या. याला नक्कल म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि चित्र समोर उभं राहून बघा हो. लांबून चेहरा दिसतो. जवळ गेलं की जवसाच्या तेलात पातळ केलेला रंग हनुवटीवरून निसटून पार कॅनव्हासच्या खालच्या कडेपर्यंत ओघळलेला असतो. फोटोने जो क्षण घट्ट धरून ठेवला, तो तिने सोडवला.

माळरान:
चरित्र वाचून चित्र आवडून घ्यायचं असेल तर बोलणंच संपलं. माझा मुद्दा वेगळा होता. १९३६च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमोला वाटाणा तोडणाऱ्यांच्या तळावर लँगने एका बाईचे पाच-सहा फोटो काढले. त्यातला एक ‘मायग्रंट मदर’ म्हणून जगभर गाजला. नाव विचारलं नाही. चाळीसेक वर्षांनी, १९७८मध्ये, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव उजेडात आलं, तेव्हा ती बाई म्हणाली की तो फोटो काढलाच नसता तर बरं झालं असतं, मला त्यातून एक पैसा मिळाला नाही. आता त्याच फोटोंवरून हुंग लियू चित्रं करणार, ती गॅलरीत लागणार, विकली जाणार. त्या बाईला एकदा वापरून झालं होतं, ही दुसरी खेप.

तिसरी घंटा:
माळरान, लँगचा फोटो तरी कुठे जसाच्या तसा आहे? तंबूचा खांब धरलेला एक अंगठा कोपऱ्यात दिसत होता, तो मागाहून पुसून घेतला. त्या बाईने गाडीचे टायर विकून अन्न आणलं असं लँगने लिहिलं, ते घरच्यांनी साफ नाकारलं. बाई मूळची चेरोकी, म्हणजे अमेरिकेतली आदिवासी, पण तिला सगळ्यांनी गोरी शेतकरीण म्हणूनच पाहिलं. फोटो म्हणजे सत्य आणि चित्र म्हणजे लबाडी, ही वाटणी आधी सोडा.

माळरान:
मी असं म्हटलेलंच नाही. न म्हटलेलं माझ्या तोंडी घालू नका.

बाभूळ:
मला चित्रकलेतलं कळत नाही, पण ‘विचारलं नाही’वरून सांगते. ७२च्या दुष्काळात आमची आजी खडी फोडायच्या कामावर होती. अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी खाऊन दिवस काढले. कुणीतरी शहरातून येऊन तिचा फोटो काढून गेलं. वीसेक वर्षांनी एका स्मरणिकेत तो सापडला, खाली लिहिलेलं ‘दुष्काळग्रस्त स्त्री’. आजी फोटो बघून एवढंच म्हणाली, पदर तरी नीट घेऊ द्यायचा होता. घरात चार दिवस कुणी धड जेवलं नाही. तुम्ही लोक रंग आणि ओघळ यांवर भांडताय, माझ्या डोळ्यांपुढून तो पदर हलत नाही.

माळरान:
हेच. अगदी हेच म्हणतोय मी.

शाईदौत:
नाही, हे ‘हेच’ नाही. बाभूळताई, तुमच्या आजीला जे हवं होतं तेच ही चित्रकार करते असं मला वाटतं. फोटोतल्या फाटक्या माणसाभोवती ती पाखरं, फुलं, फुलपाखरं काढते, जुन्या चिनी चित्रांतली. पदर नीट करण्याचाच प्रकार आहे तो.

बाभूळ:
पदर तिला स्वतः घ्यायचा होता. दुसऱ्याने घालून द्यायचा नव्हता.

रंगारी गल्ली:
यात पडणार नव्हतो, पण ‘नक्कल’ शब्द झोंबला. आमचे काका तालुक्याला बोर्ड रंगवायचे आणि गेलेल्या माणसांच्या तसबिरी करायचे. पासपोर्ट फोटोवर पेन्सिलीने चौकोन आखायचे, कॅनव्हासवर मोठे चौकोन, मग एकेक चौकोन भरत जायचे. जेजेत शिकून आलेला एक पाहुणा आमच्याच ओट्यावर बसून म्हणाला, ही काय कला, कारकुनी आहे. काकांनी ब्रश खाली ठेवला आणि आठवडाभर हातात धरला नाही. तेव्हापासून फोटोवरून काढण्याला कुणी नावं ठेवली की माझं डोकं फिरतं. एकदा एक माणूस आईचा फोटो घेऊन आला, गळा मोकळा. म्हणाला, आमच्या शिक्षणापायी तिने मंगळसूत्र विकलं, तुम्ही ते परत घाला. काकांनी घातलं. त्याला आता नक्कल म्हणणार का?

तिसरी घंटा:
त्या पाहुण्यासारखे लोक अजून आहेत. मला परीक्षकांनी ‘रेफरन्स वापरलाय’, म्हणजे फोटो बघून काढलंय, म्हणून प्रदर्शनातून बाद केलं होतं. प्रोजेक्टरने कॅनव्हासवर फोटो पाडून गिरवणारे मात्र मोठे कलावंत.

माळरान:
प्रोजेक्टरवर वेगळा धागा काढा. रंगारी, काकांचं काम मी नक्कल मानत नाही. मुलाने आईसाठी मागितलं होतं, फरक तिथे आहे. निपोमोच्या बाईच्या मुलांनी काही मागितलं नव्हतं.

तिसरी घंटा:
मागितलं होतं की! १९८३मध्ये ती आजारी पडली तेव्हा त्याच फोटोच्या ओळखीवर मुलांनी लोकांकडे मदत मागितली, तीस हजार डॉलरच्या वर जमले. लोकांना तिच्याबद्दल काही वाटलं ते त्या फोटोमुळेच.

माळरान:
मरणाच्या दारात भीक मागायची वेळ आली याला तुम्ही फोटोची पुण्याई म्हणताय? कमाल आहे.

तिसरी घंटा:
भीक हा शब्द तुमचा. माझा नाही.

शाईदौत:
थांबा दोघेही. माळरान, एक मान्य करतो: चित्र विकलं गेल्यावर त्यातल्या माणसाला काय मिळतं याचं उत्तर माझ्याकडे नाही, हुंग लियूकडेही मला सापडलं नाही. २०२१मध्ये ती गेली. पण चिनी वेश्यांचे ते फोटो तर गिऱ्हाइकांना दाखवायला काढलेले होते. त्या बायका तशाच राहू द्यायच्या होत्या का?

माळरान:
त्या चित्रांपुरतं तुमचं ऐकतो. तिथे मूळ फोटोच दुष्ट होता. लँगच्या बाबतीत माझं मत कायम. आणि रंगारी, काकांनी केलेली ती तसबीर कुठे असेल तर दाखवा. मंगळसूत्र बघायचंय.

रंगारी गल्ली:
ज्याची त्याच्या घरी आहे. दिवाळीत गावी गेलो की आधी त्याला विचारतो.