भिशीचे पैसे सैतानानं खाल्ले का?

घंटाघर

जय ख्रिस्त.

मागच्या रविवारी उपासनेनंतर साक्षी चालू होत्या. एक गृहस्थ उभे राहिले. मंडळीतल्या बायकांच्या भिशीचा हिशोब यांच्याकडे असायचा, आणि दिवाळीपासून पैसे गायब आहेत हे सगळ्यांना ठाऊक. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "सैतानानं मला मोहात पाडलं, प्रभूनं मला सोडवलं." आमेन, हालेलूया, टाळ्या. वडीलजनांनी जवळ घेतलं. पैसे कधी देणार, हे कुणी विचारलं नाही. मागच्या बाकावर माझी चुलती होती. तिचे अठरा हजार त्यात आहेत. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत.

ही सबब बायबलमध्ये पहिल्यांदा उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात दिली गेली, आणि तिथंच नापास झाली. देव विचारतो, फळ खाल्लंस का? आदाम म्हणतो, तू जी बाई मला सोबतीला दिलीस तिनं दिलं. एका वाक्यात बायकोलाही गोवलं आणि देवालाही! हव्वा म्हणते, सापानं भुलवलं. सापाला शाप मिळाला, खरंय. पण म्हणून हे दोघं सुटले का? बागेबाहेर गेलेच ना?

याकोबाच्या पत्रात (१:१४) तर मोहाची गोष्ट सांगताना सैतान येतच नाही. माणूस आपल्याच वासनेनं ओढला जातो, एवढंच आहे. मला वाटतं, आपण सैतानाला फार स्वस्तात राबवतोय.

तेलाचा दिवा

भाऊ, चुलतीचं दुःख समजतं. पण एका माणसाच्या रागापायी शास्त्र अर्धं वाचू नका. इफिसकरांस पत्र ६:१२ काढा. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही, दुष्ट आत्म्यांबरोबर आहे. प्रभूचा शिष्य पेत्र सैतानाला गर्जणारा सिंह म्हणतो, कुणाला गिळू म्हणून फिरणारा. खुद्द प्रभूला अरण्यात चाळीस दिवसांच्या उपासानंतर त्यानं गाठलं. तुम्ही-आम्ही कोण?

आणि पैशाचंच उदाहरण हवं तर प्रेषितांची कृत्ये ५:३. हनन्यानं जमीन विकली, काही रक्कम दडवली आणि सगळी आणून दिल्याचा आव आणला. पेत्र त्याला काय म्हणतो? सैतानानं तुझं मन का भरवलं? प्रत्यक्ष पेत्र सैतानाचं नाव घेतो. मग साक्ष देणाऱ्यानं घेतलं तर चुकलं कुठं?

घंटाघर

दिवा, बरं झालं तुम्ही हनन्या आणला. आता पुढचं वचन वाचा, ५:४. पेत्र लगेच विचारतो, ही गोष्ट तू आपल्या मनात का आणलीस? तिसऱ्या वचनात सैतान, चौथ्यात "तू". एकाच श्वासात दोन्ही. पेत्राला त्यात अडचण वाटली नाही, आपल्याला वाटते. आपण तिसऱ्या वचनावर टाळ्या वाजवतो आणि पुस्तक मिटतो.

तोच प्रकार यहूदाचा, प्रभूला धरून देणाऱ्या शिष्याचा. थैली त्याच्याकडे असायची आणि त्यातलं तो चोरायचा, असं योहान सांगतो (१२:६). पुढं सैतान त्याच्यात शिरला असंही तोच सांगतो. पण चोरी आधीची आहे. दार आतून उघडं होतं.

शंकासुर

मी तुमच्यातला नाही, शाळा मात्र मिशनची. रोज सकाळी येशूनं शिकवलेली प्रार्थना म्हणायचो: "आम्हांला परीक्षेत आणू नको". तेव्हा वाटायचं सहामाहीबद्दल आहे. 😀

पण आता विचारतो, परीक्षेत आणतो कोण? तुमचाच देव ना? ईयोबाच्या गोष्टीत सैतान देवाची परवानगी काढून जातो. मत्तयात येशूला अरण्यात नेतो तो पवित्र आत्मा. मालकानं कुत्रा सोडायचा आणि चावल्यावर पायवाल्याला म्हणायचं, जबाबदारी तुझी! २०१७ मध्ये पोप फ्रान्सिसनाही या ओळीचं भाषांतर खटकलं. मोहात ढकलणं हे सैतानाचं काम, बाप असं करत नाही, असं ते म्हणाले. त्याच वर्षी फ्रेंच चर्चनं आपली ओळ बदलली, २०२० मध्ये इटालियन मिस्साग्रंथातही (कॅथलिक उपासनेच्या पुस्तकातही) नवी ओळ आली. दोन हजार वर्षांनी प्रार्थनेची दुरुस्ती करावी लागते, म्हणजे गाठ कुठंतरी आहेच.

सुपारीची बाग

शंकासुर, मूळ प्रार्थना बदलली नाही, भाषांतर बदललं. मूळ ग्रीक शब्द 'पेइरास्मॉस'. त्याचा अर्थ परीक्षाही होतो आणि मोहही. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून आपल्याला एक निवडावा लागतो. देवानं अब्राहामाची परीक्षा घेतली असं उत्पत्ती सांगतं. देव कुणाला मोहात पाडत नाही असं याकोब सांगतो. कस लावणं वेगळं आणि पाय ओढणं वेगळं. सोनार सोनं तापवतो, ते वितळवून पळवण्यासाठी नव्हे. (सगळे सोनार नव्हेत, हे मान्य.)

मी वसईची, कॅथलिक. आमच्यात ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५४६ मध्ये सांगितलं की बाप्तिस्म्यानंतरही वासना उरते, पण ती स्वतः पाप नव्हे. ती झुंजण्यासाठी उरलेली आहे. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या ल्यूथरला हे मान्य नव्हतं. पण भिशीचा प्रश्न आमच्याकडे एवढा अडत नाही. कुमसारला (फादरपुढे पापकबुलीला) गेलात आणि चोरी सांगितलीत, तर चोरलेलं परत करायची जबाबदारी उरतेच. फादरनी क्षमा दिली म्हणून चुलतीचे अठरा हजार माफ होत नाहीत. आणि मिस्साच्या सुरुवातीला छाती बडवून आम्ही 'माझा अपराध' म्हणतो. सैतानाचा अपराध असं म्हणत नाही.

घंटाघर

बाई, नेमकं! आमच्या पोथीतही जक्कय आहेच की. झाडावर चढलेला जकातदार. कुणी न मागता म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. सैतानाचा उल्लेखच नाही. प्रभू म्हणतो, आज या घराला तारण मिळालं. ही झाली साक्ष. अठरा चोक बहात्तर.

तेलाचा दिवा

तुम्ही सगळे मनाच्या बळावर फार भरवसा ठेवताय. पेलागियस नावाचा जुन्या काळचा धर्मशिक्षक हेच सांगत होता, माणसानं ठरवलं तर तो पापाशिवाय राहू शकतो. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेनं ते नाकारलं, संत ऑगस्टीननं त्याविरुद्ध आयुष्याची शेवटची वर्षं घातली. पौलासारखा माणूस रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायात रडतो: जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही. तो काय सबबी सांगत होता? ज्याला आतून बेडी पडलीय त्याला "जबाबदारी घे" म्हणणं सोपं. पडलेल्या माणसाला आधी उचला, हिशोब मग.

घंटाघर

"मग" म्हणजे कधी? दिवाळी होऊन नाताळ आला.

चौथी पायरी

बरेच दिवस वाचतोय, आज लिहितो. नगरचा आहे. मी दारूडा, अकरा वर्षं कोरडा.

ए.ए. (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस) या दारू सोडणाऱ्यांच्या संघटनेची पहिली पायरी म्हणते, दारूपुढे आम्ही हतबल आहोत. म्हणजे दिवा यांचं म्हणणं. मला ते आवडलं होतं, कारण त्यात माझा दोष नव्हता. पहिल्याच पायरीवर दोन वर्षं बसलो. प्रत्येक सभेत रडायचो, लोक पाठ थोपटायचे. घरी जाऊन पुन्हा प्यायचो.

चौथी पायरी म्हणते, स्वतःची नैतिक झडती घे. आठवी म्हणते, ज्यांचं नुकसान केलंस त्यांची यादी कर. नववी म्हणते, शक्य तिथं भरपाई कर. यादीत बायकोच्या बांगड्या होत्या, आईचं पेन्शन होतं, एका मित्राची मोटारसायकल होती. लिहिताना हात थरथरत होता, आणि तेव्हा प्यायलेलो नव्हतो. हतबल होतो हे खरं आणि बांगड्या मीच विकल्या हेही खरं. सोनाराच्या दुकानात माझ्याबरोबर सैतान आला होता की नाही, मला सांगता येत नाही. पावतीवर सही माझी होती.

त्या गृहस्थांना चर्चबाहेर काढू नका. टाळ्याही वाजवू नका. एक वही द्या.

शंकासुर

चौथी पायरी, तुमच्यापुढे माझा कुत्र्याचा दाखला पोरकट वाटला. प्रश्न मागे घेत नाही, पण आज पुरे.

तेलाचा दिवा

वहीचं पटलं. पण वही देताना त्याच्यासाठी प्रार्थनाही करणार, आणि त्यात सैतानाचं नाव घेऊनच करणार. रागावू नका, भाऊ. तुमच्यासाठीही करेन.

घंटाघर

करा की. यादीत चुलतीचंही नाव घाला. आणि वही मीच घेऊन जातो रविवारी, दोनशे पानी.