मदत हवी आहे: गुब्बिओच्या ‘चेरी’ला मराठीत काय म्हणावं?

इटलीतल्या गुब्बिओ गावावर लेख लिहितेय. तिथे दरवर्षी १५ मे रोजी संत उबाल्डो, जॉर्ज आणि अँथनी यांच्या मूर्ती बसवलेले तीन उंच, जडशीळ लाकडी ‘चेरी’ खांद्यावर घेऊन इंजिनो डोंगरावरच्या बॅसिलिकापर्यंत पळतात. शर्यतच, पण ओलांडायचं नाही. उबाल्डो कायम पुढे!

शब्दकोशात ‘मेणबत्त्या’ मिळालं, ते हास्यास्पद वाटतं. ‘खांब’ फार कोरडं. ‘सासनकाठी’ मनात बसलंय, पण वाचकाला थेट जोतिबाच दिसेल अशी धास्ती. तळटीप चालणार नाही, शब्द वीसेक वेळा येतो. ‘चेरी’ तसंच ठेवलं तर फळ वाटेल ना? मग सासनकाठी चालेल की दुसरा शब्द आहे?