मदत हवी आहे : पाइपसाठी कुठला लायटर घ्यावा?

मंडळी, वडील मालवणला असतात, संध्याकाळी पडवीत बसून पाइप ओढतात. पावसाळ्यात काडेपेटी सादळते. काडी ओढली की गूल निघून येतो, पेटत काही नाही. जेट लायटर वाऱ्यात टिकतो खरा, पण त्याच्या झोताने ब्रायरच्या लाकडाच्या पाइपची कड जळायला लागलीय. जुना, जपलेला पाइप आहे, बघून जीव तुटतो.

झिप्पोचा पाइपसाठीचा लायटर येतो, ज्योतीभोवतीच्या जाळीदार चिमणीला बाजूने मोठं भोक असलेला. त्याच्या इंधनाचा वास तंबाखूला लागतो का? की आडवी, मऊ ज्योत देणारा ब्युटेन गॅसचाच बरा? मला तोच पटतोय, पण समुद्राच्या वाऱ्यात टिकेल? खाऱ्या हवेत ठिणगीचं चाक गंजत नाही असा कुणी वापरला असेल तर सांगा. आणि ब्युटेनचा डबा कुडाळ-कणकवलीत मिळतो का?